इंजेक्शनच्या कुपीतलं अत्तर

नोकरीत पाहिलेली कितीतरी प्रकरणं निवृत्तीनंतर मनातून पुसली गेली. हे गेलं नाही.

वेरूळच्या वाटेवर अत्तर विकणारे एक म्हातारे चाचा बायकोला घेऊन माझ्या पोलीस ठाण्यात आले. सोबत उस्मानपुऱ्यातल्या वकीलबाई होत्या, गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या. चाचीचं शहरातल्या एका खासगी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या वेळी डोळ्यात एक इंजेक्शन सोडलं आणि तो डोळा कायमचा गेला. आणखी काही रुग्णांचंही तेच झालं होतं. दवाखाना म्हणे, घरी जाऊन सुरमा घातला असेल.

"सुरमा नाय घातला साहेब," चाची म्हणाली. "पण पदर लागला असंल, पाणी गेलं असंल. माझी चूक होती का, एवढंच शोधून सांगा. दुसऱ्या डोळ्यातबी मोतीबिंदू हाये. त्याला तरी जपीन."

डॉक्टरवर थेट गुन्हा नोंदवता येत नाही. आधी सरकारी डॉक्टरांच्या समितीचा अभिप्राय लागतो आणि समिती विचारते, औषध कुठे आहे? वापरलेल्या कुप्या नष्ट केल्या, असं दवाखान्याने लिहून दिलं होतं.

पण आपल्याकडची एक रीत मला माहीत होती. औषध नातेवाईकच खालच्या मेडिकलमधून आणतो. ते आपल्याच माणसाला वापरलं, याची खात्री पटावी म्हणून नर्स रिकामी कुपी त्याच्या हातात देते. मी विचारलं, "चाचा, त्या कुपीचं काय केलं?"

चाचांनी पेटी उघडली. इवलीशी कुपी काढली. लेबल शाबूत, आत गुलाबाचं अत्तर.

"कांच चांगली होती साहेब. फेकायची कशाला? गरम पाण्यानं खंगाळून घेतली."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "चाचा, पुरावा धुतलात तुम्ही!"

"पुरावा हाये हे कुणाला ठावं? मला शिशी वाटली."

"मी अंधारात अन् हे धंद्यात," चाची पुटपुटली. आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, आता तपासणीला अत्तर पाठवायचं का?" कुणी हसलं नाही.

पंचांसमोर अत्तर ओतून कुपी जप्त केली. औषध निरीक्षकांकडून त्याच इंजेक्शनची कंपनीची कुपी मागवली. दोन्हींची लेबलं हुबेहूब. मग मेडिकलवाल्याला बोलावलं. तो चहा पीत निवांत बोलत होता. पारदर्शक पाकिटातल्या दोन्ही कुप्या मी टेबलावर ठेवल्या. "यातली तुमच्या दुकानातली कोणती?"

प्रामाणिक दुकानदाराने दोन्ही फिरवून पाहिल्या असत्या, "सारख्याच दिसतात" म्हणाला असता. याने तत्काळ कंपनीच्या कुपीवर बोट ठेवलं. "ही."

"लेबल तर एकच आहे. दुसरी तुमची नाही, हे कसं ओळखलं?"

त्याचा कप तसाच हातात राहिला. बनावट मालाचं बूच किंचित फिकट होतं आणि ते त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. आरडाओरड करावी लागली नाही. थोड्या वेळाने त्याने पुरवठादाराचं नाव सांगितलं. त्या पुरवठादाराच्या बंद गाळ्यात खोकी सापडली, औषध निरीक्षकांनी सीलबंद नमुने घेतले. अहवाल आला: औषध बनावट, त्यात जंतू. गुन्हा नोंदवून दोघांना अटक केली. त्याच अहवालावर वकीलबाईंनी सगळ्या रुग्णांच्या भरपाईचे दावे लावले. ते अजून चालू आहेत.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. लिहिलेलं वाचता येतं, याचा मला अभिमान आहे. म्हणून अहवाल चाचीला मी स्वतः जाऊन वाचून दाखवला. म्हटलं, "चाची, तुमची काहीच चूक नव्हती."

मला वाटलं, तिला हलकं वाटेल.

"माझी चूक असती तं बरं झालं असतं साहेब. पुढच्या खेपेला जपलं असतं. आता दुसरा डोळा कुणाच्या भरवशावर देऊ?"

गुन्हेगार पकडला की प्रकरण मिटलं, असं आम्ही पोलीस समजतो. त्या दिवशी कळलं, चोराने नेलेला माल कधीतरी परत देता येतो, भरवसा नाही. चाचीने दुसरं ऑपरेशन केलंच नाही. आता चाचा तिचा हात धरून तिला दुकानावर आणतात आणि ती वासावरून शिश्या ओळखून देते.