अर्धा गजरा

हळदीकुंकवाला जायचं म्हटलं की मला गजऱ्याची धास्ती वाटते. वय सव्वीस आणि वेणी करंगळीएवढी. टाळूला सतत खाज, काळ्या ब्लाउजवर कोंडा. गजऱ्याची पिन केसांत ठरत नाही आणि मग कुणीतरी विचारतंच, "अगं, केस कुठे गेले तुझे?"

काल शेजारच्या वहिनी माझ्यामागे उभ्या राहून गजरा माळत होत्या. पिन दोनदा निसटली. गजरा मधोमध तोडून त्यांनी अर्धा माझ्या रबरबँडमध्ये अडकवला आणि अर्धा स्वतःच्या भरगच्च अंबाड्यात खोवला. "आज फुलं कमीच आलीत," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. केळीच्या पानातले उरलेले गजरे मला दिसत होते.

आजवर प्रत्येकीने मला उपाय दिला. कांद्याचा रस, जास्वंद, आंबट दही. सगळ्यांची माया खरीच. पण माझं उणेपण स्वतःच्या केसांत माळणाऱ्या या पहिल्याच.

संध्याकाळभर डोकं खाजत होतं. फुलं हलतील म्हणून मी हात लावला नाही.