आईची चाल

माझी जीभ हातभर लांब, आणि तिला लगाम घालणं मला कधी जमलं नाही.

दर रविवारी सकाळी मी अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून साताऱ्याला फोन लावते. आई हॅलो म्हणायच्या आधी एक चाल गुणगुणायची. बाबा पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्यांनी तिला ती चाल ऐकवली होती आणि म्हणाले होते, "तुझ्यासाठी बांधलीय." बाबा गेले, पण ती चाल आईच्या तोंडी राहिली. माझ्या लेकीनं फोनवर ऐकून ऐकून ती व्हायोलिनवर बसवली.

जवळच्या सनीव्हेलच्या एका कॅफेत शनिवारी दुपारी काही मंडळी फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, बँजो घेऊन गोल करून बसतात. मी लेकीला तिथे घेऊन गेले. तिथली रीत अशी, की जो चाल सुरू करेल त्यानं ती कुणाकडून घेतली ते आधी सांगायचं. "फ्रॉम माय आजी," लेक म्हणाली आणि वाजवायला लागली. दुसऱ्याच ओळीला सगळे तिच्याबरोबर वाजवायला लागले! मी चाटच पडले. शेवटचा सूर सगळ्यांनी तोडला, लेक तेवढी एकटीच तो लांबवत राहिली. आई गुणगुणताना तो तसाच लांबवायची.

बँजोवाले आजोबा कौतुकानं म्हणाले, ही तर स्कॉटलंडच्या पाइपवाल्यांची जुनी कूच करायची चाल. आयर्लंडमध्ये ती फिडलवर गेली, इकडच्या डोंगरातल्या लोकांनी नाचासाठी वेगात घेतली. आमच्या पलटणीत ती गोऱ्या साहेबाबरोबर आली असणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

संताप संताप झाला माझा. अख्खा जन्म बाबांनी थाप पचवली म्हणायची! दुसऱ्याच दिवशी फोनवर मी हसत हसत आईला सगळं सांगून टाकलं. "अगं, बाबांनी तुला चक्क गंडवलं!" मला वाटलं, तीही हसेल.

"हो का," आई म्हणाली. मग गॅसवर दूध आहे म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढच्या रविवारी नुसतं हॅलो. त्याच्या पुढच्याही. काय अवदसा आठवली मला! मग मी सारवासारव करायला लागले. चाल जिथे जिथे गेली तिथे ती लोकांनी थोडी आपली करून घेतली, तो शेवटचा लांब सूर मात्र बाबांचाच, इथे कुणी तसा लांबवत नाही. आणि ते खोटं नव्हतं, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

"असेल," आई म्हणाली.

परवाच्या रविवारी लेकीनं मला न विचारताच फोनसमोर बसून ती चाल वाजवली, शेवटच्या लांब सुरासकट. "आजी, युवर ट्यून!"

आईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"छान वाजवलंस हं बाळा. पण ती माझी नाही गं. कुणाची ते तुझ्या आईला विचार, तिला सगळं ठाऊक असतं."