डस्टरचे दोन ठोके

आमच्या शाळेत शिक्षिका दोन, वर्ग चार आणि खोली एक. हरसूलच्या बाजूला एका पाड्यावरची ही शाळा. खोलीच्या एका टोकाला माझा फळा, दुसऱ्या टोकाला तिचा. माझ्याकडे पहिली-दुसरी, तिच्याकडे तिसरी-चौथी, आणि मुलं मधोमध पाठीला पाठ लावून बसलेली. दोघी एकदम शिकवायला लागलो की तिच्या भागाकारात माझा ससा शिरायचा आणि माझ्या कवितेत तिची नदी. म्हणून आम्ही एक रीत पाडली होती. टेबलावर डस्टरचे दोन ठोके पडले की बोलणारीनं थांबायचं आणि दुसरीनं सुरू करायचं. ठोके दोघींपैकी कुणीही मारावेत. जिची पाळी नसेल तिनं मान खाली घालून पाट्या-वह्या तपासायच्या, दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही, कारण बाईंनी बघितलं की पोरंही वळून बघतात. वर्षानुवर्षं आमचं असं बिनबोभाट चाललं.

दिवाळीनंतर तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. जीव वाचला हेच सगळ्यांना खूप वाटलं, मलाही वाटलं. पण चारही वर्ग माझ्या गळ्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात मी एक वेडेपणा केला. माझ्या पोरांना शुद्धलेखन दिलं, सवयीनं टेबलावर दोन ठोके मारले आणि पाट्या बघत बसले. पाच-सहा पाट्या तपासून झाल्या, तरी दुसऱ्या फळ्याकडून आवाज येईना. शेवटी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आमाला कोन शिकवील?" मला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, ही बाई परत वर्गावर आलीच पाहिजे.

ती राहते शहरात इंदिरानगरला, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सुट्टीच्या दिवशी जावं तर घर भेटायला येणाऱ्यांनी भरलेलं. प्रत्येकाच्या हातात शहाळं, आणि प्रत्येकाला आपल्या नात्यातला असाच एक पेशंट आठवायचा. "आमच्या मावससासऱ्यांना अगदी अस्संच झालं होतं, पण ते काही..." एवढं बोलून सुस्कारा. तिच्या उशाशी बसून, तिच्याच देखत. एकदा मी एका बाईंना तोंडावर म्हणाले, "तुमचे मावससासरे राहू देत, तिला नीट ऐकू येतं." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. बरं झालं.

तिचे मिस्टर मात्र देवमाणूस. या दुखण्यात ते स्वयंपाक शिकले, तिची वेणी घालायला शिकले. तिला धरून धरून चालवलं, ती आता काठीनं घरभर फिरते ती त्यांच्यामुळेच. त्यांची खोड एकच. तिला काहीही विचारलं की उत्तर ते देत. "चहा घेतेस का गं?" "नको म्हणते ती." ती काही म्हणालेलीच नसायची! बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी येत, त्या सांगून सांगून दमल्या की यांना वेळ द्या. पण तिचे ओठ थरथरायला लागले की भाऊजींच्यानं बघवत नसे, ते पटकन शब्द पुरवून मोकळे होत. हळूहळू तिनं प्रयत्नच सोडला.

उन्हाळ्याची सुट्टी लागली त्या आठवड्यात मी गेले, तर भाऊजी गवार निवडत बसलेले. मला बघून म्हणाले, "ताई, आम्ही ठरवलंय. नोकरी सोडायची. उद्या अर्ज देऊन येतो. कशाला तिला त्रास?"

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तिलाही तसंच वाटतं," ते म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले.

मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण जबडा घट्ट आवळलेला होता. पोरांनी पाढा पाठ केला नाही की ती असाच जबडा आवळायची. मला एकदम धीर आला. एवढा राग शिल्लक आहे म्हणजे बाई शिल्लक आहे.

गवारीचं ताट मी मांडीवर ओढलं आणि शाळेतल्या आवाजात सुरू केलं. "पाड्यावर कैऱ्या लागल्यात, पोरं झाडावरून उतरत नाहीत. तुझी तिसरीची पोरं आता चौथीत येतील. त्यांचा तेराचा पाढा अजून कच्चा आहे. मला नाही जमलं सगळं एकटीला. फळ्यावर लिहायचं मी बघेन, पण पाढा तुलाच घ्यावा लागेल."

टीपॉयवर टीव्हीचा रिमोट पडला होता. तो उचलला, दोन ठोके मारले, तिच्यापाशी ठेवला आणि मान खाली घालून गवारीच्या शिरा काढायला लागले.

कूलर घरघरत होता. भाऊजी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबले. काही होईना. माझं मन खट्टू झालं, पण मान मी वर केली नाही.

"ते... रा."

बघायचा फार मोह झाला. मी गवारच निवडत राहिले.

"तेरा... ए... के... तेरा." मग "तेरा दुणे सव्वीस" जरा सरळ आलं. तेरा त्रिकला मात्र गाडी अडली. "ए... ए... कोण..."

"एकोणचाळीस!" भाऊजींनी शब्द पुरवला.

ठक ठक. रिमोट तिच्या डाव्या हातात होता.

भाऊजी बावचळले. "काय हवंय तिला? टीव्ही लावू?"

"टीव्ही नाही, भाऊजी. दोन ठोके पडले की बोलणाऱ्यानं थांबायचं. पाळी तिची आहे."

"किती वेळ थांबायचं?"

"तिचं होईपर्यंत."

ते तांब्या घेऊन तसेच खुर्चीवर टेकले. एकोणचाळीसमधला चाळीस यायला फार वेळ लागला, पण आला. बावन्न आला, पासष्ट आला. अठ्ठ्याहत्तरला ती घसरली, मागे आली आणि पुन्हा चढली. चांगल्या शेंगांचेही मी बारीक बारीक तुकडे केले होते, हे नंतर लक्षात आलं. तेरा दाहे झाल्यावर तिनं श्वास घेतला. मला वाटलं संपलं. पण पाळी अजून तिचीच होती.

"जून," ती म्हणाली. मग खूप वेळानं, "मी... वर्गा... वर."

तिनं दोन ठोके मारले आणि रिमोट भाऊजींकडे सरकवला.

आजवर दोघांचं मिळून बोलणाऱ्या त्या माणसाला आता एक शब्द सापडेना. त्यांचे ओठ थरथरत होते. आम्हा दोघींच्याही तोंडाशी शब्द आले असतील, पण आम्ही ते पुरवले नाहीत. माना खाली घातल्या आणि थांबलो.

"जूनपासून," शेवटी ते म्हणाले, "डबा सकाळी किती वाजता लागेल?"