भाऊजींचं खिम्याचं मशीन

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान इंद्रभान, यांचं तोंड दीड बोटापेक्षा जास्त उघडत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ते स्वतः कुणालाच सांगत नाहीत. पस्तीस वर्षं गालात गुटख्याची पुडी दाबून ठेवली, गाल आतून चामड्यासारखे कडक झाले, आणि आता भाकरीचा तुकडाही तिरपा करून आत सारावा लागतो. गुटख्यावर बंदी येऊन वर्षं लोटली, पण भाऊजींना पुडी कधी कमी पडली नाही. माणूस कारकून म्हणून रिटायर झालेला. कागदावरचं आणि कागदाखालचं, दोन्ही त्यांना चांगलं कळतं.

माझी बहीण महामाया, म्हणजे ताई, वर्षभरापासून त्यांच्या मागे लागली होती. "बुलढाण्याले चला, डॉक्टरले तोंड दाखवा." भाऊजी म्हणायचे, "पाहू." पाहू म्हणजे नाही, हे कुठल्याही कचेरीची पायरी चढलेल्याला माहीत असतं. अशा तोंडाचं पुढे काय होतं ते ताईनं त्यांच्या गावात, जानेफळातच, दोन घरांत पाहिलं होतं. त्यातल्या एका घरी ती तेराव्यालाही जाऊन आली होती. तिचा जीव त्या भीतीनं अर्धा झालेला, आणि भाऊजींचा जीव मात्र मटणात.

चावता येत नाही म्हटल्यावर शहाणा माणूस तोंडावर इलाज करतो. आमच्या भाऊजींनी मटणावर इलाज शोधला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! घरी विजेवर चालणारं खिम्याचं मशीन घ्यायचं ठरलं.

दोन महिने त्यांनी मोबाईलवर मशीनं पाहिली. पोरीसाठी स्थळं पाहतानाही इतकी चौकशी केली नव्हती. भांडं प्लास्टिकचं नको, स्टीलचं पाहिजे. मोटरची तार तांब्याची पाहिजे. जाळ्या तीन पाहिजेत, जाड, मध्यम आणि बारीक. मला रोज फोन. "गजेंद्रा, उलटं फिरवायचं बटन पाहिजे का रे?" मी म्हणायचो, "भाऊजी, बोकडाले विचारा." ते हसायचे नाहीत. ते कारकून होते, त्यांना फक्त साहेबाच्या विनोदावर हसायची सवय.

शेवटी मशीन आलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'दोन हजार वॅट'. भाऊजींनी तो आकडा अख्ख्या गल्लीला सांगितला. मी मशीन उलटं करून बुडाची चिठ्ठी वाचली, तर तिथं तीनशे. "ते कमीत कमीचं असते," भाऊजी म्हणाले. खोटं अंगावर आलं की ते असंच नवा नियम काढतात.

उद्घाटनाला मला बोलावलं होतं. त्यांच्या घरी मटण स्वयंपाकघरात येत नाही. मागच्या अंगणात पत्र्याखाली वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी. फ्रीजला तर मटणाची सावलीही चालत नाही, त्यात देवाच्या नैवेद्याचं दूध असतं. भाऊजींनी मशीन निवडताना सगळं पाहिलं, पण अंगणात विजेचं बटन नाही एवढं पाहायचं राहिलं! बैठकीतून लांब वायर ओढली, ती तुळशीला वळसा घालून चुलीपर्यंत नेली. ताई कपाळाला हात लावून बसली.

त्यापुढचा मूर्खपणा आमच्याच भागातला माणूस करू जाणे. आमच्याकडे सहा घरं मिळून एक बोकड घेतात आणि त्याचे हिस्से पाडतात. प्रत्येक हिश्श्यात थोडं हाड, थोडी चरबी, थोडी कलेजी, सगळ्यांना सारखं. हिश्श्यात निवड नसते. 'मला नुसतं मऊ द्या' म्हणणाऱ्याकडे लोक टकामका पाहतात. भाऊजींना दुकानातून बिनहाडाचं अर्धा किलो आणता आलं असतं. पण मग कुणी विचारलं असतं की इंद्रभानचा हिस्सा या खेपेला काऊन नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून त्यांनी हिस्सा घेतला आणि तो हाडासकट मशीनमध्ये लोटला.

मशीन आधी गुरगुरलं, मग किंचाळलं, मग गप्प झालं. जळका वास सुटला. भाऊजी उलटं फिरवायचं बटन दाबू लागले. मशीननं अर्धवट चेंदलेली एक बरगडी त्यांच्या पांढऱ्या बनियनवर फेकली. मी पोट धरून हसलो. मला त्याची लाज आज वाटते, त्या दिवशी वाटली नाही.

हिस्से पाडायला आलेला शाकिर खाटीक अजून ओट्यावर हात धूत होता. त्यानं मशीन खोललं, पातं पाहिलं.

"इंद्रभानभाऊ, पातं उलटं बसवलं तुम्ही. धार जाळीकडे पाहिजे. अन् हाड कायले टाकलं? मशीनले हाड समजते का?"

"खोक्यावर लिहिलं होतं, दोन हजार वॅट."

"खोक्यानं खिमा होत असता तर मी सुरे कायले घासले असते? मले सांगत जा ना, मी सुरीनं करून देत जाईन. पैशे नका देऊ."

फुकट, तेही उभ्या गावात ज्याचा हात सगळ्यात साफ त्याच्या सुरीनं. भाऊजी म्हणाले, "नाही, मले घरचंच बरं वाटते. स्वच्छ राह्यते." शाकिरनं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. तोंड न उघडणारं गिऱ्हाईक खाटकाला कळत नाही होय? पण तो भला माणूस, काही बोलला नाही. हाडापासून मांस कसं सोडवायचं, पांढरा पडदा आणि शिरा काढल्या नाहीत तर त्या पात्याला कशा गुंडाळतात, बोटभर तुकडे करून बर्फात अर्धा तास ठेवले की मटण कसं चेंदत नाही तर कापलं जातं, हे सगळं त्यानं दाखवलं. बोट कधी आत घालू नका, लाकडी दांड्यानं लोटा, हे दोनदा सांगितलं.

आणि मशीन चालायला लागलं. वाईट झालं ते इथंच. बिघडलं असतं तर भाऊजी कधीतरी डॉक्टरकडे गेले असते. चाललं, म्हणून ते सुखात राहिले. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणायचे, तासभर शिरा सोलत बसायचे, चमच्यानं खिमा खायचे. ताईनं दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "आता कुठं अडलं?" दिवाळीला मध्यम जाळी होती. संक्रांतीला बारीक जाळी आली. उन्हाळ्यात बारीक जाळीतून दोनदा काढायला लागले, आणि मोठा चमचा जाऊन चहाचा चमचा आला. जाळ्या संपल्या तरी यांचं पाहू संपेना. मी गेलो की विचारायचो, "काय भाऊजी, पुढच्या वर्षी स्ट्रॉ घेता का?" आणि मीच हसायचो. ताई हसायची नाही.

या आषाढात आखाडीच्या मटणाला मी दोघांना आमच्या गावी, उंद्रीला बोलावलं. जावईबुवा सासुरवाडीला पिशवीतून मशीन घेऊन उतरले! आमच्याकडेही अंगणातच चूल. माझ्या बायकोनं, निशिगंधानं, खिडकीतून वायर काढून दिली. भाऊजी शिरा सोलून बसले, दांडा हातात घेतला, आणि वीज गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला, उद्यापर्यंत येत नाही असं कळलं.

पंगत बसली. दहा-बारा भाऊबंद. आमच्याकडे जावयाच्या ताटात नळी, म्हणजे आतला मगज चोखून खायचं हाड, वाढायची रीत आहे, ती नको म्हणणं म्हणजे सासुरवाडीचा अपमान. दोन वर्षं भाऊजी पंगतीत कोलेस्टेरॉल सांगून सुटत होते, आणि ताई मान डोलावत होती. माझ्या चुलतभावानं, कारभारीनं, नळी उचलली. "जावाईबापू, आज सोडत नाही. आऽ करा!"

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. तिनं नेहमीचं बोलावं म्हणून पाहिलं.

ताई उभी राहिली. "त्याहीचं तोंड उघडत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाले. आता एक बोटही धड जात नाही. मी खोटं बोलून राह्यली होती तुमच्यापाशी."

मला वाटलं, आता भाऊजी नवा नियम काढतील. ते ताटाकडे पाहत राहिले.

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "आतून पांढरा डाग आला. रोज बॅटरी मारून पाह्यतो मी."

"मंग सांगत काऊन नाही?"

"भेव वाटते मले, महामाया."

एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नव्हता. कचेरीत नाही, घरात नाही, बापाच्या मयतीतही नाही.

"मलेही वाटते," ताई म्हणाली. "चला."

तिनं पिशवी भरली. मशीन तिथंच राहिलं, मटण भरलेलं. बुलढाण्याला चिखलीवरून जायचं, आणि चिखलीची गाडी फाट्यावर साडेतीनला मिळते. मी मोटरसायकलवर एकेकाला सोडून आलो. भाऊजी मागे माझा खांदा धरून बसले होते. वर्षभर मी त्यांची इतकी टिंगल केली, वॅटची केली, बर्फाची केली, चमच्याची केली. भाऊजी, जरा तोंड उघडून दाखवा, एवढं मी एकदाही म्हणालो नव्हतो.