कुजक्या लाकडावरचे रंग

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याला बुरशीचा नाद लागला. आयुष्यभर ते शाळेत विज्ञान शिकवत होते, पण वर्गातली बुरशी शिळ्या भाकरीच्या पुढे कधी गेली नव्हती. आष्टीच्या बाहेर टेकड्यांवर सागाचं जंगल आहे. पोळ्याच्या सुमारास तिथलं पडलेलं लाकूड भिजून पार मऊ होतं. एका सकाळी ते फिरून आले आणि मी कणीक मळत होते, तिथून मला उठवलं. "चाल, तुले एक गंमत दाखवतो."

एका ओंडक्यावर हळद कालवून ओतल्यासारखं काहीतरी पसरलं होतं. मी विचारलं, "कोणी पूजा केली का इथं?"

ते हसले. "पूजा नाई, जीव आहे तो. स्लाइम मोल्ड म्हणतात. बुरशीसारखा दिसते, पण बुरशी नाई. उद्या पाह्यजो, सरकून गेला असन."

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच ओंडक्याच्या खालच्या अंगाला गेला होता. तेव्हापासून मीही त्या नादाला लागले. पावसाळाभर आम्ही स्कूटरवर जायचो आणि माना खाली घालून हिंडायचो. गुलाबी मण्यांसारखे गोळे, तपकिरी पट्ट्यांचे पंखे, काडीवर उगवलेली इवली घरटी आणि त्यांत अंड्यांसारखे दाणे. पुढच्या एकदोन पावसाळ्यांत तर त्यांच्या आधी मलाच सगळं दिसू लागलं. मी बोट दाखवायची आणि ते विचारायचे, "कुठं?" आपली नजर तयार झाली, असं वाटून मी मनातून फुलायची.

मग एकदा ते मोठ्या ओंडक्यापाशी झटकन वाकले. "ये, ये! पाह्य, काय पिवळा निघाला!"

मी जवळ गेले. सालीवर फक्त उन्हाचा कवडसा पडला होता. त्यांनी त्यावर अलगद बोट टेकवलं. बोट कोरडंच राहिलं.

"अहो, ऊन आहे ते," मी म्हटलं.

ते बोट तसंच धरून उभे राहिले. "मले वाटलंच. बरेच दिवस झाले, सगळं असंच धुरकट दिसून राह्यलं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतं का मले इकडं?"

नागपूरच्या डॉक्टरांनी लेझर केलं. शुगरनं डोळ्यांचा पडदा खाल्लाय, गेलेली नजर परत येणार नाही, असं सांगितलं. येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि बाहेरच तोंड करून राहिले.

पुढच्या पावसाळ्यात मी त्यांना हाताला धरून नेलं. स्कूटर सुटली होती, ऑटो करून जायचो. मी सांगायची, ते हात लावून बघायचे, वास घ्यायचे. "लाल म्हणजे कसा? मिरचीसारखा का डाळिंबासारखा?" असं खोदून विचारायचे. मी रंगांसाठी शब्द शोधून दमायची. मग एका उतारावर त्यांचा पाय घसरला. फारसं लागलं नाही, पण त्यानंतर ते म्हणाले, "तू एकटी जाऊन येजो. आल्यावर सांगजो मले."

मी जायची, येऊन सांगायची. ते पलंगावर बसून ऐकायचे. एक दिवस मी गुलाबी मण्यांचं सांगत होते, तर त्यांनी हात वर केला.

"पुरे आता. नोको सांगू."

"काऊन? काही चुकलं का माह्यं?"

"नाई वं. डोळे मिटले का मले माह्यावाले दिसतात, पहिलेचे. तू नवीन सांगतं, तं ते पुसले जाऊन राह्यले."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

यंदाही मी जाते, पण रोज नाही. परवा एका बुंध्याशी नारिंगी पेल्यांचा झुबका दिसला. असा आम्ही कधीच पाहिला नव्हता. मी शेजारी दगडावर बसले, बराच वेळ पाहिलं. तोंडाशी शब्द येत होते, पेरूएवढा, नाही, त्याहून लहान, संत्र्याच्या सालीच्या रंगाचा. ते तिथंच गिळले आणि परत निघाले.

घरी ते ओसरीत मुगाच्या शेंगा सोलत बसले होते. बोटांना बरोबर सापडत होत्या. माझी चाहूल लागली तशी मान न वळवता म्हणाले, "लय चिखल असन वाटेनं."

"हो," मी म्हटलं, आणि समोर बसून एक मूठ शेंगा ओढून घेतल्या.