पुढं खाली हाय

विमल पराडकरबाई माझ्या आयुष्यात आल्या नसत्या, तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. हे आभार मानायचे म्हणून लिहीत नाही, अक्षरशः लिहितो आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी हे सांगून टाकतो, की भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. वडील एका कोठीवर चौकीदार होते. अंधारात जे हलतं ते कुत्रं असतं नाहीतर चोर, असं त्यांचं साधं शास्त्र, आणि मीही त्याच शास्त्रात वाढलो. या ग्रुपवरचे अनुभव आवडीने वाचतो, पण कधी झोप उडाली नाही.

आम्ही ग्वाल्हेरचे मराठे. खापरपणजोबांच्याही आधी कोणीतरी फौजेबरोबर दक्षिणेतून आला आणि इथेच राहिला, एवढंच माहीत आहे. गाव कुठलं, ते विचारू नका... कोणालाच ठाऊक नाही. घरात मराठी बोलतो, पण ती इथली. "मी येऊन राहिलो आहे", "टेम्पो खाली आहे का?" महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं – आमच्याकडे ‘खाली’ म्हणजे रिकामं, हिंदीतल्यासारखं. खालच्या बाजूला आम्ही सरळ ‘नीचे’ म्हणून मोकळे होतो.

दहावीत होतो तेव्हाची गोष्ट. घरी एकच खोली आणि माणसं सात. बाई आम्हाला मराठी शिकवायच्या आणि माधवगंजात एका भांड्यांच्या दुकानाच्या वर राहायच्या. त्यांच्याही वर, गच्चीला लागून, एक खोली बंद पडलेली होती. धीर करून मी विचारलं, "बाई, तुमची वरची खोली खाली आहे का?"

बाई हसायला लागल्या. "वरची खोली खाली कशी असेल रे संतोष? खाली असेल तर ती खालची खोली झाली!"

"नाही बाई, म्हणजे... त्यात कोणी राहत नाही ना?"

"त्याला रिकामी म्हणतात. खाली म्हणजे पायाकडे. डोकं रिकामं, खोली रिकामी, आणि पाय खाली. म्हण."

मी म्हटलं. त्यांनी किल्ली दिली. दहावी, बारावी आणि बी. कॉम. मी त्या खोलीत केलं. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट त्या खोलीतून बाहेर पडला. आज सरकारी नोकरी आहे, थाटीपुरात क्वार्टर आहे.

बाई दर हिवाळ्यात शाळेच्या मुलांना नरवरहून ग्वाल्हेरपर्यंत पायी आणायच्या. हायवेने नाही, जंगलातल्या जुन्या वाटांनी, गावागावात मुक्काम करत. शंभरेक किलोमीटर तरी होत असतील. शेवट बाईंच्या जिन्यावर व्हायचा – प्रत्येकाच्या हातावर तिळाचा लाडू. मला कधी जायला मिळालं नाही. सुट्टीत मी दाल बाजारात कामाला असायचो.

गेल्या हिवाळ्यात कळलं की बाई कायमच्या पुण्याला, मुलीकडे जाताहेत. घर सोडायचं ठरलं होतं. मी जाऊन म्हटलं, "बाई, नरवरहून पायी येतो. तुमच्या जिन्यावर नमस्कार करतो, मग जा."

"या वयात लाडू हवाय होय?" त्या म्हणाल्या. "ये. मी वाट बघते. पण माझी गाडी दुपारची आहे हो, ती तुझी वाट बघायची नाही."

चुलतभाऊ मंगेश बरोबर निघाला. तो दाल बाजारात एका आढतीवर हिशेब बघतो. मराठीत वाक्य सुरू करून हिंदीत संपवतो. पहिल्याच दिवशी त्याच्या पायाला फोड आले. "दादा, लोक ट्रेकिंगला मनाली जातात, और तू मुझे घाटीगाव घुमा रहा है," हे त्याचं पालुपद. पण चालला बिचारा. सिंध नदी मागे पडली, करधईच्या झाडांचं जंगल लागलं, रात्री कधी मंदिरात तर कधी शाळेच्या ओसरीवर झोपलो.

शेवटच्या सकाळी उजाडलं तेच दाट धुक्यात. आमचा जानेवारीचा कोहरा ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल... पसरलेला हात कोपरापुढे दिसत नव्हता. थांबायला हवं होतं. पण दुपारची गाडी डोक्यात होती. तिघऱ्याच्या धरणाच्या अलीकडे खडकाळ पठार आहे, त्यावरून आम्ही अंदाजाने चाललो होतो. मंगेश पुढे, मी त्याच्या मागे.

तेवढ्यात समोरून आवाज आला. पुरुषाचा, वयस्क, अगदी शांत. शेतात बैलाशी बोलावं तसा.

"पुढं खाली हाय."

मंगेश खूश झाला. "दादा, ऐकलंस? कोणी बोलून राहिलाय, पुढे खाली आहे. चल, रास्ता साफ है!"

मलाही तेच कळलं. वाट रिकामी आहे, या. मी पाय उचललाही. आवाज पुन्हा आला, "खाली हाय रं... खाली."

आणि ते ‘हाय रं’ माझ्या कानात अडकलं. ग्वाल्हेरात असं कोणी बोलत नाही. मी ते फक्त मराठी सिरीयलमध्ये ऐकलेलं. हा माणूस इथला नाही, असं मनात आलं. आणि तो इथला नसेल, तर त्याचं ‘खाली’ही इथलं नाही... ते बाईंचं ‘खाली’ आहे. पायाकडे.

मी मंगेशच्या बॅगेचा पट्टा धरून त्याला मागे ओढला. दोघेही आपटलो.

"पागल आहेस का?"

"बस. हलू नको."

हाताला लागलेला एक दगड मी पुढे फेकला. तो खडकावर वाजला नाही. बऱ्याच वेळाने पाण्यात पडल्याचा आवाज आला... खूप खालून.

मी हाका मारल्या. मराठीत, मग हिंदीत. उत्तर नाही. आम्ही तिथेच बसून राहिलो. मंगेशने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

धुकं उठलं तेव्हा जवळजवळ दुपार झाली होती. समोर दगडाची जुनी, सोडून दिलेली खदान होती. मंगेश जिथे पोचला होता तिथून कडा दोन-तीन पावलांवर. सरळ कापलेल्या भिंती, तळाला हिरवं पाणी. माणूस नव्हता. आवाज समोरून आला होता, आणि समोर उभं राहायला जागाच नव्हती.

खदानीला वळसा घालून पुढच्या गावात विचारलं. गुरं राखणारा कोणी? "इतने कोहरे में कौन जाएगा?" कोणी मराठी माणूस? ते हसले.

आणि खरी अडचण यापुढे आहे. मंगेश आजही शपथेवर सांगतो की तो आवाज हिंदीत बोलत होता. "दादा, तो ‘आगे खाली है’ म्हणाला. साफ साफ." दोघांनी एकच आवाज ऐकला. माझं खरं असेल तर त्याने आम्हाला अडवलं. मंगेशचं खरं असेल तर... त्याने आम्हाला बोलावलं. यावर आम्ही खूप भांडलो. आता तो विषय काढत नाही.

कोहऱ्यात सगळ्या गाड्या लेट असतात, म्हणून मला थोडी आशा होती. नेमकी बाईंची गाडी वेळेवर सुटली. रस्त्याला लागल्यावर, नेटवर्क आलं तेव्हा, ते कळलं. मंगेश म्हणाला, "आता टेम्पो पकडू ना, दादा. कोणासाठी चालायचं?" मी चालत राहिलो. तोही कुरकुरत आला.

माधवगंजात दिवे लागले होते. जिना चढून पाहिलं, तर बाईंच्या दाराला कुलूप होतं. खालचे भांडेवाले म्हणाले, "बाईने बहुत रास्ता देखा आपका," आणि कागदाची पुडी हातात दिली. दोन लाडू. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून आम्ही ते खाल्ले. वाट संपली ती अशी.

बाईंना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून त्याच आठवड्यात पुण्याला पत्र पाठवलं. तेच इथे देतो. कारण याहून जास्त मला काही माहीत नाही.

"आदरणीय बाईंना,
संतोषचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी पोचलो, पण उशिरा. वाटेत एका माणसाने ‘पुढं खाली हाय’ म्हणून सांगितलं. तो कोण, ते कळलं नाही. पण तो काय म्हणाला ते मला कळलं, कारण ते तुम्ही शिकवलं होतं. मंगेशला तुम्ही शिकवलं नव्हतं. तो पुढे होता, बाई. त्याची दोन लहान मुलं आहेत.

लाडू मिळाले. नमस्कार बंद दाराला केला, तो तुम्हाला पोचला असं समजा.

खाली उतरून एकदा मागे वळून पाहिलं. बाई, तुमची वरची खोली खाली आहे. एवढं एक वाक्य दुरुस्त करू नका.

तुमचा,
संतोष"