पुरती न पाहिलेली शर्यत

नैरोबीकाकांच्या हातून कुठलीही वस्तू सहजासहजी सुटत नसे. चहाचा कप पुढे यायचा, पण कान त्यांच्याच बोटांत. घेणाऱ्याची पकड पक्की झाली अशी खात्री पटली की मगच बोटं सैल व्हायची. तोवर ते समोरच्याच्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे पाहत असत. न्युरेम्बर्गच्या आमच्या इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर, ते मुलीकडे म्हणजे शुभदाकडे राहायला आले तेव्हा मला वाटलं, माझ्या हातून कपबशी फुटणार अशी गृहस्थांना धास्ती आहे. थोडा रागही आला होता.

उलगडा शुभदाने केला. काका मूळचे सांगलीचे, पण सारा जन्म नैरोबीच्या शाळेत गणित शिकवण्यात गेलेला. तिथे आफ्रिकी खेळ भरले, म्हणजे अख्ख्या खंडातल्या देशांचं जणू घरचं ऑलिम्पिक, तेव्हा काका हौसेने मैदानावर पंच झाले. रिले शर्यतीत एक धावपटू दुसऱ्याच्या हातात बॅटन, म्हणजे छोटी दांडी, देतो, त्या आखलेल्या पट्ट्याशी त्यांना उभं केलं होतं. बॅटन पट्ट्याच्या आत, नीट हातात गेलं की पांढरं निशाण वर करायचं. बाकी कुठे पाहायचं नाही.

"फायनल माझ्या नाकासमोरून गेली," काका सांगत, "आणि कोण जिंकलं ते मला बाजूच्या पंचाला विचारावं लागलं! पंचाने हात बघायचे, शर्यत बघायची नसते." सांगताना हसत. मग एकदा म्हणाले, "वैशाली, मला एकदा खुर्चीत बसून ती शर्यत पुरती बघायचीय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत." हेच खेळ आता घानात, अक्राला होणार होते. काकांनी जायचं मनावर घेतलं होतं.

'होणार होते' हे मी आता लिहिते आहे. काकांसमोर असं बोलायची सोय नव्हती. "ठरलंय म्हण. होणार म्हणू नकोस," ते लगेच टोकत. माझी परदेशी नागरिकांच्या कचेरीतली टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, असो की शुभदाची बढती, काका आधी अभिनंदन करत नसत. हा धडा त्यांना त्या खेळांनीच दिला होता. गोऱ्यांच्या राज्यात ते भरवायचे बेत झाले आणि मोडले. देश स्वतंत्र झाल्यावर पहिले खेळ ब्राझाव्हिलला झाले. दुसरे बामाकोला ठरले, तर तिथे लष्कराने सत्ताच घेतली, आणि ते रखडत रखडत लागोसला पार पडले. नैरोबीचे तर चार वर्षांनी व्हायचे ते नऊ वर्षांनी झाले. "नऊ वर्षं मी वाट पाहिली, माहितीये?" काका म्हणत. "रोज पेपर उघडला की आधी 'रद्द' हा शब्द शोधायचो. पुढे सवयच लागली."

सवय कसली, दुखणंच ते. यू-बान, म्हणजे भुयारी रेल्वे, चुकेल म्हणून ते अर्धा तास आधी फलाटावर. पाव संपेल म्हणून बेकरी उघडायच्या आत दारात. शुभदाला यायला उशीर झाला की खाली माझ्याकडे येऊन खिडकीशी उभे. मी स्वतः काळजीखोर बाई, त्यात काकांची भर. आम्ही दोघं मिळून एकेका संध्याकाळी एवढी काळजी करायचो की शुभदा दारात दिसली तरी आमचे चेहरे सरळ व्हायला वेळ लागे.

अशा माणसाच्या हृदयाची झडप बिघडावी! डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायला हवं, फार लांबवू नका. काकांनी टर्मिन घेतली ती खेळ आटोपल्यानंतरची. उन्हाळ्यात अक्रा, मग ऑपरेशन. तिकीट काढलं, लसी टोचून झाल्या. आणि बातमी आली: खेळ पुढच्या मार्चपर्यंत लांबणीवर.

शुभदा माझ्याकडे आली ती रडकुंडीला येऊनच. "ते म्हणतायत, ऑपरेशनही मार्चनंतर. तू सांग ना त्यांना. माझं ऐकत नाहीत." मी वर गेले. काका शांत होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "ऑपरेशन केलं आणि उठलोच नाही तर?" त्यांनी विचारलं. "आणि नाही केलं, आणि मार्चच्या आत काही झालं तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. हेच मी महिनाभर मांडतोय. गणित सुटत नाही." शेवटी शुभदाच्या तोंडाकडे पाहून ते तयार झाले.

ऑपरेशन पार पडलं. पण रेहामधून, म्हणजे ऑपरेशननंतरच्या उपचार केंद्रातून, घरी आलेले काका निम्मेच होते. मार्च उजाडला तरी डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू दिलं नाही. मग रिलेच्या फायनलला शुभदाने टेबलावर लॅपटॉप ठेवून अक्राचं थेट प्रक्षेपण लावलं, काकांना खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. आवाज मात्र त्यांनी बंद करायला लावला. "आवाज नको, छातीत धडधडतं," म्हणाले.

धावपटू सुटले. पहिलं बॅटन गेलं, दुसरं गेलं. शेवटच्या वळणावर मी काकांकडे पाहिलं. मान खाली, डोळे मिटलेले.

"काका!" मी ओरडलेच.

"ओरडू नकोस गं. कोण जिंकलं?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

"एवढा जीव टांगणीला लावलात आमचा, आणि बघितलंच नाहीत?"

"शेवटच्या पोराच्या हातून पडलं असतं तर?" काका म्हणाले. "बघवेना."

मे महिन्यात काका गेले, दुपारी, झोपेत. दिवस झाल्यावर एकदा शुभदाने मला विचारलं, "जाऊ द्यायला हवं होतं का गं त्यांना? ऑपरेशन नसतं केलं तर गेले असते ना अक्राला?" मी म्हटलं, "अगं, तिथेही डोळे मिटूनच बसले असते." ती रडता रडता हसली, आणि तिला जरा बरं वाटलं.

तिथे डोळे मिटले असते तरी भरल्या स्टेडियमचा आवाज काकांच्या कानावर पडला असता. हे मी तिला सांगितलेलं नाही.